तडे

हातखंबा ते निवळी : अकरा.
निवळी ते बावनदी : चोवीस,
त्यातली नऊ पुलाआधीच्या एकाच खड्ड्यात.
बावनदी ते वांद्री मोजताच आली नाहीत,
खालच्या ट्रेमधून पिवळं गळायला लागलं
आणि सद्या म्हणाला, आता मोजून काय करताव?

मी मोजतो.
साहेबांकडे नकाशा असेल, कंत्राटदाराकडे टक्के
(तीन कंत्राटदार झाले, तिघांच्या पाट्या
एकाच खांबावर एकावर एक).
माझ्याकडे दहा वर्षांचा रस्ता
अंड्यांत लिहून ठेवलेला आहे.

कोल्हापूरहून निघतो रात्री दोनला, सत्तर ट्रे.
आंबा घाटापर्यंत बोलतो आम्ही.
हातखंब्याला वळलं की गप्प.
मग हातांनीच ऐकायचं :
खरवडलेल्या डांबरावर स्टेअरिंग गुणगुणतं, दात आंबतात.
मुरमावर गाडी पोहते.
पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा बरं वाटलं होतं,
गणपतीपर्यंत टिकले, मग एकेक करून पडले
सहा वर्षांच्या पोराच्या दातांसारखे.
आणि सगळ्यात वाईट ती काँक्रीटची कड,
नव्या लेनवरून जुनीवर उतरताना वीतभर.
तिथे मागून आवाज येतो. मोठा नाही.
कुणीतरी ओठ दाबून हसल्यासारखा.

'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' या पाटीवरचा
दिल उन्हानं गेला.
गीर आहोत, एवढं अजून वाचता येतं.

वांद्रीच्या अलीकडे हमीदाचाचीची टपरी.
साफ फुटलेली मी वहाळात टाकतो,
पण तडकलेली, आतला पापुद्रा धरून राहिलेली,
ती चाची घेते. अर्ध्या दरानं.
दुसरं काही विचारत नाही, फक्त : आज किती?
चाळीस म्हटलं की तवा मोठा काढायची,
दहा म्हटलं की तोंड पाडायची.
रस्त्यावरची माणसं तिथेच खायची, डंपरवाले,
सळया बांधणारे, आणि झेंडा धरणारा फागू मुर्मू,
आला तेव्हा मिसरूड नव्हतं, आता दोन पोरं आहेत गावाकडे.
त्याच्या झेंड्याचा लाल आणि हिरवा
विटून एकाच रंगाचे झालेले.
गाड्या त्याच्या तोंडाकडे बघून थांबायच्या.

नाझमीनची नर्सिंगची दोन वर्षं
तुझ्या तड्यांवर निघाली, असं चाची म्हणते.
मला हिशोब पटत नाही.
खोडत नाही मी.

शिमग्यानंतर पूल सुरू झाला.
म्हणजे तिथला उड्डाणपूल, रात्रीत पट्टे मारून.
मी चढलो आणि गाडी बंद पडली की काय वाटलं,
इतकं शांत.
सद्या झोपला. दहा वर्षांत पहिल्यांदा.
वांद्रीच्या रकान्यात मी शून्य लिहिलं,
जरा लांबट आलं.

मग उजाडताना डावीकडे, खाली,
निळी ताडपत्री दिसली, वर ठेवलेले दगड दिसले.
तिची टपरी मी कधी वरून बघितली नव्हती.
उतरायला वाट पुढे चार किलोमीटरवर.
त्या दिवशी नाही उतरलो. माल वेळेत चिपळूणला.

आता खालूनच जातो.
सद्या कुरकुरतो, वर काय काटे हायत काय?
खालचा रस्ता कुणी बघत नाही आता,
डंपर गेले, फागूला म्हणे पुढे नेला, लांजा की राजापूर.
तरी तडकतात किती? सहा. कधी पाच.
पाचांत तवा तापत नाही.

चांगली अंडी अर्ध्यानं दिली तर चाची घेणार नाही,
एकदा बोललो होतो, तर
दोन दिवस चहाचे पैसे मोजून समोर ठेवले तिनं.
म्हणून निवळीला गाडी लावतो,
सद्या झाडामागे गेला की एकेक अंडं
फाळक्याच्या कडेवर टेकवतो, हलकेच,
पापुद्र्याला धक्का न लावता. वीस, पंचवीस.
हात बसलाय.
वहीत मात्र पेन अडतं,
ही कुठल्या रस्त्याला लावू?

काल चाचीनं एक उचललं, उजेडाकडे धरलं.
मग दुसरं. मग तिसरं.
सगळ्यांना एकाच जागी तडा, ती म्हणाली,
कुठचा रस्ता रे हा?

आणि मोठा तवा काढायला आत वळली.